अंगावरचे नाव कोणाचे?



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर एक आई चर्चच्या अंगणात माझ्याजवळ आल्या. त्यांचा मुलगा माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात येतो. इकडे-तिकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, “सर, एक विचारू का जी? डुप्लिकेट बूट घालणं पाप आहे का? फादरांजवळ कन्फेशनमध्ये सांगावं लागते का?”

मी हसून विषय टाळणार होतो. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि थांबलो.

झाले होते असे. त्यांच्या मुलाने सुटीत कॅटरिंगवाल्याकडे काम करून पैसे जमवले आणि बर्डीच्या फूटपाथवरून सातशे रुपयांचे बूट घेतले. बुटांवर एका जगप्रसिद्ध कंपनीची खूण होती. शोरूममध्ये तसे बूट सात-आठ हजारांच्या खाली मिळत नाहीत. मित्रांनी विचारले तेव्हा त्याने सांगितले, मामाने दुबईवरून पाठवले. त्याचे मामा कामठीला ऑटो चालवतात. मग एके दिवशी आमच्या मुलांचा फुटबॉलचा सामना सुरू असताना एका बुटाचा तळ सुटून बाजूला पडला. एका मुलाने बूट उचलून कंपनीच्या नावातली स्पेलिंगची चूक मोठ्याने वाचून दाखवली. सगळे हसले. त्या दिवसापासून मुले त्याला ‘दुबई’ म्हणू लागली. तीन रविवार झाले, तो वर्गाला आला नाही.

त्या हसणाऱ्यांत मीही होतो.

मी त्या आईंना म्हटले, “विचार करून सांगतो.” तो विचार आज आपल्यासमोर मांडत आहे. मुलाची आणि आईंची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तो मुलगा कोण, हे कृपया शोधू नका. पुढे जे लिहिले आहे ते त्याच्यापेक्षा आपल्याविषयी अधिक आहे.

नक्कल वेगळी, फसवणूक वेगळी

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. स्वस्त कपडा घालण्यात काहीही गैर नाही. बर्डी, इतवारी, गांधीबाग येथून वर्षानुवर्षे आपण घरच्यांचे कपडे घेत आलो आहोत. त्यांवर कोणाचे मोठे नाव नसते आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. निर्यातीतून उरलेला आणि लेबल कापून विकला जाणारा माल घेणे, हेही पाप नव्हे. एवढेच काय, नक्कल करणे हेसुद्धा आपोआप पाप ठरत नाही. आपल्या भगिनी लग्नात एक ग्रॅमचे दागिने घालतात. दुकानदार ते सोने म्हणून विकत नाही. यंत्रमागावरची साडी ‘सेमी पैठणी’ म्हणून विकली जाते. नाव खरे सांगितले, किंमत त्याप्रमाणे घेतली, तर तो सरळ व्यवहार झाला.

फसवणूक सुरू होते ती दुसऱ्याचे नाव लावल्यावर. तीच यंत्रमागावरची साडी ‘अस्सल हातमागाची पैठणी’ म्हणून विकली की येवल्यात किंवा पैठणमध्ये एका साडीसाठी आठवडेच्या आठवडे मागावर बसणाऱ्या विणकराच्या पोटावर पाय येतो. म्हणून नकली मालात नुकसान होते ते फक्त परदेशातल्या कोट्यधीशांचे, असे समजू नये.

आपल्या देशाचा कायदाही हाच भेद करतो. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा २००३ मध्ये अमलात आला. खोटी व्यापारी खूण लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला त्यात सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. असा माल विकत घेऊन अंगावर घालणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. इटलीसारख्या देशात २००५ पासून विकत घेणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. आपल्याकडे तसे नाही. म्हणजे आपल्या मुलाने गुन्हा केलेला नाही. पण ख्रिस्ती माणसाला ‘गुन्हा नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. त्याला देवाच्या आज्ञांपुढे उभे राहायचे असते.

सातवी आज्ञा

सातवी आज्ञा चोरीविषयी आहे. कंपनीची खूण ही कंपनीची मालमत्ता आहे. ती न विचारता वापरणारा दुसऱ्याच्या कष्टाने मिळवलेल्या विश्वासावर हात मारतो. जाणूनबुजून असा माल विकत घेणारा त्या धंद्याला थोडा का होईना, हातभार लावतो. हे मान्य करावे लागेल.

पण आमच्या वर्गातली मोठी मुले लगेच विचारतात, “सर, पण त्या कंपन्या कुठे धुतल्या तांदळासारख्या आहेत?” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावण्यात आले. अकराशेहून अधिक जण मरण पावले. ढिगाऱ्यात जी लेबले सापडली ती नकली नव्हती. युरोप-अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांची ती खरी लेबले होती. आठवड्याभराने, १ मे रोजी, कामगार संत योसेफ यांच्या सणाच्या मिस्सामध्ये पोप फ्रान्सिस यांनी तेथील तुटपुंज्या मजुरीचा उल्लेख करून तिला गुलामी म्हटले.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही सातव्या आज्ञेखाली व्यापारातली फसवणूक आणि अन्यायी मजुरी ही दोन्ही पापे एकाच परिच्छेदात सांगितली आहेत. लेबल खरे असले म्हणजे कपड्यामागचा व्यवहार न्यायाचा होताच असे नाही. पण याचा अर्थ नकली माल न्यायाचा ठरतो, असाही नाही. नकली बूट शिवणारा कामगार कुठल्या खोलीत, किती तास, किती मजुरीवर बसतो हे कोणालाच कळत नाही. मोठ्या कंपनीला निदान नाव आहे, त्यामुळे तिला जाब विचारता येतो. राणा प्लाझानंतर तसा जाब विचारलाही गेला. चोरट्या मालाच्या मालकाला नावच नसते. एकाने अन्याय केला म्हणून दुसऱ्याचा अन्याय पुण्य होत नाही.

आपल्या नागपूरला कापड म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई, अशा गोष्टी या गिरणीने कायदा येण्याच्या कितीतरी आधी केल्या. आपल्यातल्या अनेक कुटुंबांत गिरणीच्या भोंग्यावर उठणारे आजोबा होऊन गेले. पुढे गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. जिथे कापड विणले जात होते तिथे कापडावरचे नाव विकले जाऊ लागले. आजोबा कापड बोटांत धरून त्याचा पोत पाहत. आपण खिशावरची खूण पाहतो. या बदलात आपणही सामील आहोत.

आठवी आज्ञा

आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. खोटे फक्त तोंडाने बोलले जाते असे नाही. सत्यनिष्ठ माणूस बोलण्यात तसाच कृतीतही खरा असतो आणि ढोंगापासून दूर राहतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. सातशेचे बूट सातशेचे म्हणून घातले असते आणि मित्रांना “बर्डीवरून घेतले” असे सांगितले असते, तर खोटी साक्ष फारशी उरली नसती. पण मामा दुबईला पोचले आणि गोष्ट बदलली. एका बुटासाठी कामठीच्या कष्टाळू मामांना नाकारावे लागले. मला वाटते, त्या मुलाला सर्वांत जास्त हेच लागले असेल.

एक खोटे दुसऱ्याला बोलावते, हे आपले पूर्वज सांगत आले. २०१० साली अमेरिकेत या विषयावर एक संशोधनही प्रसिद्ध झाले. काही स्त्रियांना एका महागड्या कंपनीचे गॉगल घालायला दिले. गॉगल सगळे खरेच होते, पण काहींना ते नकली आहेत असे सांगितले. मग गणिताची कोडी देऊन आपले गुण आपणच मोजायला सांगितले. गॉगल खरे समजणाऱ्यांपैकी ३० टक्के स्त्रियांनी गुण वाढवून सांगितले, तर नकली समजणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांनी. हे आकडे प्रवचनात वापरायला फार सोयीचे आहेत. पण पुढे काय झाले तेही सांगायला हवे. या संशोधनाच्या प्रमुख लेखिका फ्रान्चेस्का जिनो यांच्यावर त्यांच्या इतर काही शोधनिबंधांतल्या आकड्यांत फेरफार केल्याचा ठपका आला आणि २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांचे कायम प्राध्यापकपद काढून घेतले. त्यांनी हे आरोप नाकारले आहेत. म्हणून त्या आकड्यांवर मी माझे म्हणणे उभे करत नाही. मोठ्या विद्यापीठाचे नाव हेही एक लेबलच असते, एवढे मात्र आपण शिकू शकतो. त्यापेक्षा पवित्र शास्त्राकडे वळू.

भावाच्या कपड्यांत मिळालेला आशीर्वाद

उत्पत्तीच्या पुस्तकातली याकोबाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. इसहाक म्हातारा झाला होता, त्याला दिसत नव्हते. थोरला मुलगा एसाव याला तो आशीर्वाद देणार होता. तेव्हा आई रिबकाने एसावाचे उत्तम कपडे काढून धाकट्या याकोबाला घातले आणि त्याच्या हातांवर व मानेवर करडांची कातडी बांधली. बापाने विचारले, तू कोण? याकोबाने भावाचे नाव सांगितले. आवाज ओळखीचा वाटत नव्हता. पण कपड्यांचा वास एसावाचा होता, आणि इसहाकाने आशीर्वाद दिला.

याकोबाला हवे ते मिळाले. पण त्याला घर सोडून पळावे लागले आणि त्याची व आईची पुन्हा भेट झाल्याचे पवित्र शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. पुढे मामाच्या घरी लग्नात त्याच्यासमोर एक मुलगी म्हणून दुसरीच उभी केली गेली. म्हातारपणी त्याच्याच मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याला दाखवला. ज्याने कपड्यांनी बापाला फसवले, तो कपड्यानेच फसला.

पण गोष्ट तेथे संपत नाही. घरी परतताना याब्बोक नदीच्या काठी एका रात्री पहाटेपर्यंत याकोबाची झुंज झाली. त्या अनोळखी पुरुषाकडे त्याने पुन्हा आशीर्वाद मागितला. त्यानेही बापासारखाच प्रश्न विचारला, तुझे नाव काय? या वेळी याकोबाने आपलेच नाव सांगितले. तेव्हा जो आशीर्वाद मिळाला तो त्याचा स्वतःचा होता. त्या रात्रीनंतर तो लंगडत चालला, पण स्वतःच्या नावाने चालला.

नकली खुणेचे खरे नुकसान मला येथे दिसते. त्या बुटांमुळे मित्रांनी आपल्या मुलाला जो मान दिला, तो त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. तो मान दुबईच्या मामांच्या भाच्याला मिळाला. कामठीच्या मामांचा भाचा, ज्याने सुटीत भांडी उचलून सातशे रुपये कमावले, तो आतल्या आत तसाच उपाशी राहिला. खरे तर त्या सातशे रुपयांत अभिमान वाटावा असे बरेच काही होते. ते सांगण्याची सोय मात्र त्याला नव्हती.

ती सोय का नव्हती?

येथे प्रश्न आपल्याकडे वळतो.

मुंबईजवळच्या उल्हासनगरविषयी एक जुना विनोद आपण ऐकला असेल. तेथे तयार झालेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापत आणि विचारले तर सांगत, यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. हे खरे किती, सांगोवांगी किती, ते बाजूला ठेवू. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनी ते शहर आपल्या मेहनतीने उभे केले. आपण त्या विनोदावर हसतो आणि बनवणाऱ्याला लबाड म्हणतो. पण मालावर सरळ ‘उल्हासनगर’ असे लिहिले असते तर आपण तो हातात घेतला असता का? खोटे नाव छापणारा दोषी आहे. पण आपल्या गावाच्या नावाला किंमत न देणारे गिऱ्हाईक आपणच होतो.

जुन्या करारातल्या याकोबानंतर नव्या करारातल्या संत याकोबाकडे येऊ. त्याच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. भाविकांच्या सभेत एक माणूस सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यांत येतो. पहिल्याला चांगली जागा मिळते. दुसऱ्याला सांगितले जाते, तू तिकडे उभा राहा, नाहीतर येथे पायांजवळ बस. यावर संत याकोब सभेला फैलावर घेतो. लक्षात घ्या, ती अंगठी खरी होती की नकली, हे तो विचारतच नाही. त्याचा राग अंगठीवर नाही. अंगठी पाहून ज्यांच्या नजरा बदलल्या, त्यांच्यावर आहे.

आपल्या नजरा बदलत नाहीत का? सणाच्या मिस्साला अर्पणाच्या मिरवणुकीत कोणाला पुढे करायचे, हे ठरवताना आपण काय पाहतो? पहिल्या कम्युनियनच्या दिवशी कोणाच्या मुलीचा झगा कितीचा, याची चर्चा चर्चच्या पायऱ्यांवरच सुरू होते की नाही? दुसऱ्याचे कशाला सांगू? वाचनासाठी मुले निवडताना “नीटनेटका दिसतो” म्हणून मी काही मुलांना पुन्हा पुन्हा उभे केले आहे. जो मुलगा आज येत नाही, त्याला मी एकदाही विचारले नव्हते. तो वाचतो छान.

आपल्या नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भक्तिमय जीवनाविषयीच्या आपल्या पुस्तकात पोशाखावर एक प्रकरण लिहिले आहे. चांगला कपडा म्हणजे पाप, असे ते म्हणत नाहीत. भाविक माणसाने स्वच्छ, नेटके, चारचौघांत शोभेल असे राहावे, मात्र दिखावा सर्वांत कमी करावा, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे चांगले बूट हवेसे वाटणे हा आपल्या मुलाचा दोष नव्हता. चांगल्या बुटांशिवाय आपल्याला कोणी विचारणार नाही, असे त्याला वाटले. ते आपण त्याला शिकवले.

मग उत्तर काय?

मी त्या आईंना जे सांगितले ते थोडक्यात असे. नकली माल जाणूनबुजून घेणे योग्य नाही. परवडत असेल ते, खऱ्या नावाचे किंवा बिननावाचे घ्यावे. पण पायातल्या बुटांमुळे मूल देवापासून दूर गेले, असे समजून त्याला घाबरवू नका. मामांविषयी जे खोटे बोलला, ते त्याला स्वतःलाच टोचत आहे. ते त्याने प्रायश्चित्त संस्कारात सांगितले तर त्याचे मन हलके होईल. जमल्यास एखाद्या रविवारी मामांना मिस्साला घेऊन यावे. ज्यांचे पोट अशा मालाच्या विक्रीवर आहे, त्यांना एका दिवसात धंदा बदला असे म्हणणे मला सोपे आहे, त्यांना नाही. पण नकली माल अस्सल म्हणून गळ्यात मारू नये, एवढी पहिली पायरी आजच चढता येते.

मग मी त्यांच्या घरी गेलो. मुलाला उपदेश करायला नव्हे. हसल्याबद्दल माफी मागायला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, मी साधी चप्पल घालून आलो असतो तर तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतं का?”

मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मी घेऊन आलो आहे आणि आज आपल्या सर्वांच्या हाती देत आहे.

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या प्रत्येकाला एक पांढरे वस्त्र दिले गेले. कोणाचे ते इतवारीच्या दुकानातून आले असेल, कोणाचे घरी शिवलेले असेल. ते कोणत्या कंपनीचे, हे कोणी विचारले नाही. त्या दिवशी आपण ख्रिस्ताला परिधान केले, असे संत पौल सांगतो. आणि त्याच दिवशी आपल्याला आपल्या स्वतःच्या नावाने हाक मारली गेली. ते नाव दुसऱ्या कोणाचे नव्हते.

या आठवड्यात रात्रीच्या प्रार्थनेआधी स्वतःला तीन गोष्टी विचारू या. माझ्या अंगावर असे काही आहे का, ज्यासाठी मला माझ्या माणसांना किंवा माझ्या गावाला लपवावे लागते? मी जे विकत घेतो, त्यामागे कोणाचे कष्ट आणि कोणाचा तोटा आहे, याचा मी कधी विचार करतो का? आणि पुढच्या रविवारी माझ्या बाकावर कोणी साधी चप्पल घालून आला, तर मी सरकून त्याला जागा देईन का?

वर्गात आता आम्ही त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारायचे ठरवले आहे. येत्या सणाचे पहिले वाचन तो करणार आहे का, हे मी त्याला विचारले आहे. अजून त्याचे उत्तर आलेले नाही. त्याच्यासाठी आणि आपल्या नजरांसाठी प्रार्थना करा.